उसवता येईल असा कारखान्याचा गणवेश: बाद होईपर्यंत वापरून केलेले परीक्षण

कामगारांच्या गणवेशाची खरेदी करताना कापडाचा पोत, शिलाईचा पक्केपणा, रंग आणि दर एवढ्याच गोष्टी कोटेशनच्या तक्त्यात मांडल्या जातात; कपडा फाटल्यावर त्याचे काय होणार, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या मशीन शॉपसाठी सोलापूरच्या एका उत्पादकाकडून जो सुती शर्ट-पँटचा संच घेतला, तो मात्र याच रिकाम्या रकान्याच्या जोरावर विकला जातो. कपडा जुना झाला की त्यावरचे सुताखेरीजचे सगळे चटकन काढून टाकता यावे आणि उरलेले कापड निर्भेळ सूत म्हणून पुनर्वापराला पाठवता यावे, अशा बेताने तो कापलेला व शिवलेला आहे, असे उत्पादकाचे म्हणणे. पहिल्या खेपेतील बरेच कपडे आता बाद झाले असल्यामुळे ते अंगावर कसे टिकले आणि उसवताना कसे निघाले, या दोन्ही बाजूंनी लिहिणे शक्य आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. हा आराखडा कोणत्याही चांगल्या शिलाईवाल्याला शिवता येईल असा आहे आणि बोलायचे आहे ते प्रामुख्याने आराखड्याबद्दलच.

आधीचा गणवेश टेरिकॉटचा होता. पासष्ट टक्के पॉलिएस्टर आणि पस्तीस टक्के सूत हे त्याचे प्रचलित प्रमाण. तो चुरगळत नाही, कोल्हापूरच्या पावसाळ्यातही रात्रीतून वाळतो, रंग धरून ठेवतो आणि स्वस्त पडतो. म्हणूनच कारखान्यांपासून शाळांपर्यंत त्याचेच राज्य आहे. अडचण अशी की हे मिश्रण धाग्यातच झालेले असते आणि कोणत्याही कात्रीने ते वेगळे करता येत नाही. हाँगकाँगच्या एचकेआरआयटीए या वस्त्र संशोधन संस्थेने उष्णता, पाणी आणि अल्प प्रमाणातील रसायन वापरून मिश्र कापडातील पॉलिएस्टर व सूत विलग करण्याची पद्धत विकसित केली आहे, परंतु त्यात पॉलिएस्टर तंतू म्हणून हाती येते, तर सूत मात्र सेल्युलोजची भुकटी होऊन निघते. जुन्या सुती कपड्यांपासून व्हिस्कोससाठी (लगद्यापासून बनणाऱ्या कृत्रिम धाग्यासाठी) लगदा करणाऱ्या स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीला जवळपास शुद्ध सुतीच माल लागत असे, आणि तीही २०२४च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. पुढे नव्या मालकाने ती सर्क्युलोज या नावाने उभी केली. कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एकूण मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात जातो, असा अंदाज एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ साली दिला होता, आणि त्या आकड्यामागे धाग्यातल्या या सरमिसळीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे जुन्या कपड्याचा खरा रस्ता पानिपतला जातो. तेथे कपडे रंगानुसार निवडले जातात, बायका हाताने चेन, बटणे आणि लेबले कापून काढतात, मग यंत्राच्या दातांनी कापडाच्या चिंधड्या करून त्यांचा पुन्हा तंतू केला जातो आणि त्या तंतूपासून जाड सूत, घोंगड्या, सतरंज्या बनतात. या प्रक्रियेत तंतू तुटून आखूड होतो, त्यामुळे नव्या तंतूची भर घातल्याशिवाय चांगले सूत निघत नाही. येथे माल किती शुद्ध आहे यावर भाव ठरतो आणि तो शुद्ध करायला किती हात लागतात यावर नफा. गणवेशाचा आराखडा करणाऱ्याने नजरेसमोर ठेवायला हवी ती हातात पाते घेऊन बसलेली ही बाई, असे माझे मत आहे, आणि या संचाचे परीक्षण मी त्याच कसोटीवर केले आहे.

आता कपड्याकडे वळतो. शर्ट आणि पँट दोन्ही २६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २६० ग्रॅम वजनाच्या) शंभर टक्के सुती ड्रिलमध्ये, म्हणजे तिरप्या विणीच्या जाड कापडात आहेत. कापड सॅन्फोराइज्ड, म्हणजे धुतल्यावर आटू नये अशी प्रक्रिया केलेले असल्याचे सांगितले होते आणि पहिल्या काही धुण्यांत लांबीत फारसा फरक पडला नाही, त्यामुळे ते खरे मानायला हरकत नाही. टेरिकॉटच्या तुलनेत कपडा अंगावर जड लागतो. उन्हाळ्यात घाम टिपतो म्हणून कामगार खूश असतात आणि जुलैमध्ये वाळत नाही म्हणून तेच कामगार वैतागतात. पावसाळ्यासाठी प्रत्येकाला एक जादा संच द्यावा लागला, हा खर्च विक्रेत्याच्या हिशेबात नव्हता. रंग गडद निळा आहे आणि गुडघे व कोपरांवर तो टेरिकॉटपेक्षा लवकर विटतो. विभागानुसार वेगवेगळ्या रंगाचे शर्ट देण्याची आमची जुनी पद्धत उत्पादकाने सोडायला लावली. आता सगळ्यांना एकच निळा आणि विभाग ओळखण्यासाठी खांद्यावर रंगीत सुती पट्टी. एका रंगाचा मोठा गठ्ठा तयार झाला की पुढे त्याला पुन्हा रंगवावे लागत नाही, हे त्यामागचे कारण आहे आणि ते पटण्यासारखे आहे. पर्यवेक्षकांना मात्र आपला वेगळा शर्ट गेल्याचे दुःख अद्याप आहे.

शिलाईत खरी कल्पकता दिसते. सुती कपडाही सहसा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवला जातो, कारण तो त्याच जाडीच्या सुती दोऱ्यापेक्षा बळकट असतो. या संचात बहुतेक सर्व शिवणी सुती दोऱ्याच्या आहेत, म्हणजे त्या उसवण्याची गरजच उरत नाही. बाजू, बाह्या, खिसे हे सगळे शिवणीसकट यंत्रात टाकता येते. काखेत आणि पँटच्या बैठकीत सुती दोरा ताण सोसणार नाही, म्हणून तेथे पॉलिएस्टरचा दोरा वापरला आहे, पण तो भडक लाल रंगाचा आहे. निळ्या कापडाच्या आतल्या बाजूला ही लाल रेघ लगेच नजरेत भरते आणि बाद कपडा हातात घेणाऱ्याला कात्री कुठून कुठे चालवायची हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. माहितीपत्रकाची गरज न ठेवणारी ही खूण मला या संपूर्ण आराखड्यातील सर्वांत शहाणी गोष्ट वाटली.

दुसरी हुशारी पुढच्या पट्टीत आहे. नेहमीच्या शर्टाला बटणे थेट अंगाच्या कापडावर लावलेली असतात आणि ती एकेक करून कापावी लागतात. येथे टिचबटणे एका स्वतंत्र पट्टीवर ठोकलेली असून ती पट्टी शर्टाला साखळी टाक्याने जोडलेली आहे. सिमेंटच्या पोत्याचे तोंड ज्या टाक्याने शिवतात तोच हा टाका. योग्य टोक सापडले आणि दोरा ओढला की एका दमात संपूर्ण शिवण सुटते. टोक चुकीचे धरले तर दोरा नुसताच आवळला जातो, म्हणून सुरुवात करायच्या टोकाला दोऱ्याची छोटीशी शेपटी सोडली आहे, आणि काम करताना ती आपोआप सुटू नये म्हणून तिच्यावर एक बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची छोटी पक्की शिवण, मारलेला आहे. बारटॅक कापला, शेपटी ओढली, की सगळी टिचबटणे पट्टीसकट हातात येतात. बटणे वरून कापडाने झाकलेली असल्यामुळे मशीनच्या रंगावर किंवा जॉबवर (मशीनवर घडवल्या जाणाऱ्या भागावर) ओरखडे उठत नाहीत, हा जादा फायदा. वापरात असताना ही पट्टी आपोआप सुटल्याची तक्रार फार थोड्या शर्टांच्या बाबतीत आली, आणि त्यातही दोरा कुठे तरी अडकून तुटला होता.

कंपनीचे बोधचिन्ह पूर्वी खिशावर थेट भरतकाम करून येत असे, ज्याच्या मागे कडक आधारकापडही चिकटवलेले असायचे. आता ते सुती तुकड्यावर छापून त्याच साखळी टाक्याने लावले आहे. याचा संबंध केवळ पुनर्वापराशी नाही. कंपनीचे नाव असलेले जुने शर्ट बाजारात गेले तर ते घालून कोणीही गेटमधून आत येऊ शकतो, या भीतीने सुरक्षा विभाग धड असलेले कपडेही फाडून टाकायला लावत असे. चिन्ह निघाले की चांगल्या स्थितीतील शर्ट शिकाऊ कामगाराला किंवा बाहेर कोणाला देता येतो, आणि कपड्याचा दुसऱ्यांदा कपडा म्हणून झालेला वापर कोणत्याही पुनर्चक्रणापेक्षा बरा.

पँटला कमरेत इलास्टिक नाही. रबरमिश्रित किंवा स्पॅन्डेक्सचा धागा फाडणीच्या यंत्रात तुटण्याऐवजी ताणत राहतो आणि तंतूत गुंता करतो, म्हणून तो टाळल्याचे उत्पादकाने सांगितले. ताणणारे कापड नसेल तर उकिडवे बसून काम करणाऱ्या फिटरचे काय, हा आमचा पहिला आक्षेप होता. त्यावरचे उत्तर जुन्या शिंप्यांच्या हातचे निघाले: पायजम्याला असते तशी बैठकीत मियानी, म्हणजे दोन पायांच्या मध्ये जोडलेला जादा तुकडा, घातली आहे. पँट दिसायला किंचित घोळदार दिसते, तरुण मुलांना ती आवडत नाही, पण मशीनखाली शिरून काम करणारे सगळेच आता तीच मागतात.

काही गोष्टी मात्र साफ फसल्या आहेत. कॉलरमध्ये बकरम (कडकपणासाठी घालतात ते ताठ कापड) चिकटवल्यास गोंदाचा थर सुताला कायमचा धरून बसतो, म्हणून येथे बकरमऐवजी त्याच कापडाचे दोन पदर घातले आहेत. नव्या शर्टाला ते ठीक दिसते. काही धुण्यांनंतर कॉलरची टोके वर वळतात आणि अख्खा शर्ट जुना वाटू लागतो. ग्राहकांसमोर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी हा शर्ट आम्ही घेतला नाही त्याचे कारण हेच. कॉलर ही तशी सहज कापून टाकता येणारी गोष्ट आहे. तेवढ्यापुरते बकरम ठेवून तेथेही लाल दोऱ्याची रेघ मारली असती तर काहीच बिघडले नसते. तत्त्व जरा जास्तच ताणले आहे असे वाटते.

त्याहून गंभीर दोष लेबलचा आहे. पॉलिएस्टरचे चकचकीत लेबल टाळण्यासाठी कापडाचा प्रकार मानेच्या आतल्या बाजूला शाईने छापला आहे, आणि कपडा बाद होईपर्यंत ती छपाई घामाने व साबणाने जवळजवळ पुसली गेलेली असते. म्हणजे ज्या माणसाला ‘शंभर टक्के सूत’ हे वाचायची गरज आहे, त्याच्या हाती कपडा पोहोचतो तेव्हा तेथे निळसर डागाखेरीज काही नसते. युरोपीय संघाचा पर्यावरणस्नेही उत्पादनरचनेचा नवा कायदा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. त्यात उत्पादनांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे उत्पादनाची माहिती देणारी डिजिटल नोंद, देण्याची तरतूद असून कापड हे त्यातील अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. आपल्याला इतक्यात तेवढे नको, पण सुती धाग्याने विणलेले, कपडा असेपर्यंत वाचता येणारे लेबल ही काही अवघड मागणी नाही.

उसवून पाहण्याचे काम आमच्याकडे दुरुस्तीची शिलाई करणाऱ्या मावशींकडे दिले. जुना टेरिकॉटचा शर्ट आणि पँट त्यांनी बटणे, चेन, इलास्टिक, भरतकाम आणि लेबले काढून मोकळी करायला पाव तासाहून अधिक वेळ घेतला, आणि एवढे करून हाती आले ते मिश्र कापडच. नव्या संचाला सवय झाल्यावर तीन-चार मिनिटे पुरतात. पँटची चेन मात्र अजून नेहमीच्याच पद्धतीने बसवलेली आहे आणि बराचसा वेळ तीच खाते. शर्टाच्या पट्टीसाठी केलेला विचार पँटच्या पुढच्या भागापर्यंत का पोहोचला नाही, हे कळले नाही. ‘वर बटणं, खाली चेन, हे अर्धंच काम झालं की,’ हा मावशींचा शेरा मी उत्पादकाला जसाच्या तसा कळवला आहे. वजनाने पाहिले तर संचाचा सुमारे नऊ दशांश भाग निव्वळ सूत म्हणून बाजूला निघतो.

परदेशात हे काम हाताऐवजी उष्णतेवर सोपवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ब्रुसेल्समध्ये २०१७ साली सुरू झालेल्या रिसॉर्टेक्स या कंपनीने ठरावीक तापमानाला वितळणारा शिवणीचा दोरा तयार केला आहे. असे कपडे मोठ्या भट्टीत एकगठ्ठा तापवले की शिवणी सुटतात आणि चेन, बटणे वेगळी होतात. मजुरी महाग असलेल्या देशांत ही कल्पना निश्चितच उपयोगी आहे. आपल्याकडे तिच्याविषयी मला दोन शंका आहेत. अशी भट्टी कपडे जेथे गोळा होतात तेथे हवी, आणि दुसरे म्हणजे सुती कपड्यावर फिरणारी इस्त्री दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. दीडशे अंशांच्या आसपास वितळणारा दोरा कोळशाच्या इस्त्रीखाली किती धुण्यांपर्यंत तग धरेल, याची खात्री करूनच तो घ्यावा लागेल. त्या मानाने ओढून काढायचा सुती दोरा हा साधा उपाय आपल्या परिस्थितीला जास्त जुळतो.

नेदरलंड्समधील डच अवेअरनेसने उलटा मार्ग धरून शंभर टक्के पॉलिएस्टरचे कामाचे कपडे बनवले. एकाच जातीचा माल हे तत्त्व तेच, आणि पॉलिएस्टर वितळवून पुन्हा धागा करता येतो हा त्यातला फायदाही खरा. आमच्यासारख्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या गावात मात्र तो मार्ग चालणार नाही. ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे वेल्डिंगच्या किंवा भट्टीच्या आसपास वावरणाऱ्याच्या अंगावर ते असूच नये.

विक्रेते सहसा ज्याबद्दल बोलत नाहीत तो विषय तेलाचा. मशीन शॉपमधील कपडा कूलंट आणि कटिंग ऑइलने (धातू कापताना वापरायच्या थंड करणाऱ्या द्रवाने व तेलाने) माखतो, आणि तसा गठ्ठा पुनर्वापरवाला उघडूनही पाहत नाही. आराखडा कितीही नेटका असला तरी बाद करण्यापूर्वी कपडा गरम पाण्यात, तेल काढणाऱ्या साबणाने धुतला गेला नाही तर सगळे मुसळ केरात. जुने गणवेश फाडून मशीन पुसायला वापरण्याचा सोपा मार्ग आपण सगळेच अवलंबतो, पण तेलाने भिजलेल्या चिंध्या घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांखाली पहिल्या अनुसूचीत ३३.२ या क्रमांकाने नोंदलेल्या आहेत आणि त्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवाव्या लागतात. त्यातल्या बहुतेक जाळल्या जातात. म्हणजे चांगले सुती कापड पुसणीला लावले की ते पैसे देऊन जाळण्याचीच व्यवस्था होते. आता आम्ही कोपर-गुडघ्याचे अतिशय माखलेले तुकडे तेवढे कापून घातक कचऱ्यात टाकतो आणि बाकीचे धुऊन ठेवतो. याला पाणी लागते, माणूस लागतो आणि धुण्याचे पाणी सांडपाणी प्रक्रियेत न्यावे लागते. हे सगळे हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा.

परतीच्या सेवेबद्दल फारसे चांगले लिहिता येत नाही. जुने कपडे आम्ही परत घेऊ, असे उत्पादकाने ऑर्डरच्या वेळी सांगितले होते. प्रत्यक्षात शंभर किलोंचा गठ्ठा झाल्याशिवाय गाडी येणार नाही, ही अट नंतर पुढे आली. तोवर अर्धवट भरलेली पोती स्टोअरच्या ओलसर कोपऱ्यात पावसाळाभर पडून राहिली आणि त्यांतल्या काहींना बुरशी आली. शेवटी गाडी आली, वजन झाले, किलोमागे नाममात्र पैसेही मिळाले. पण जी पावती हाती आली तिच्यावर ‘पुनर्वापरासाठी स्वीकारले’ एवढेच होते. माल कुठे गेला, त्याचे सूत झाले की भरणीचा कापूस, की तो कोणा भंगारवाल्याकडे वळला, याचा उल्लेख नाही आणि दोनदा विचारूनही उत्तर नाही. कपडा उसवायला सोपा करण्याचे श्रेय घ्यायचे असेल तर उसवलेल्या कपड्याचा पुढचा मुक्काम सांगण्याची जबाबदारीही उत्पादकाने उचलायला हवी. सेवा या सदरात पाचपैकी दीड गुण द्यावेत असे वाटते, आणि तो अर्धा गुण वजनकाटा चोख असल्याबद्दल आहे.

त्याच उत्पादकाकडून परावर्तक पट्ट्यांची जाकिटेही घेतली होती. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर जाकीट पॉलिएस्टरचे, पट्टीच्या पृष्ठावर काचेचे बारीक मणी आणि ती पट्टी उष्णतेने चिकटवलेली, शिवलेली नाही. ती ओरबाडूनही निघत नाही. रात्रपाळीच्या सुरक्षेसाठी जाकीट उत्तम आहे, पण त्याला या संचाच्या माहितीपत्रकात जागा मिळायला नको होती.

दराविषयी: टेरिकॉटचा संच आम्हाला साडेआठशेच्या घरात पडत असे, हा साडेअकराशेच्या आसपास पडला. टेरिकॉट जास्त काळ चांगला दिसतो, त्यामुळे आयुष्याचा हिशेब केला तर फरक आणखी वाढतो. दुरुस्ती मात्र येथे सोपी आहे. पट्टी, खिसा, चिन्ह, सगळे सुटे बदलता येते आणि मावशींनी गुडघ्याला त्याच कापडाचे ठिगळ लावून बऱ्याच पँटी आणखी काही महिने चालवल्या. मशीन शॉप, असेंब्ली, गोदाम आणि देखभाल विभागांसाठी हा संच घ्यावा. वितळलेल्या धातूजवळ काम करणाऱ्यांना अग्निरोधक प्रक्रिया केलेलेच कापड लागते, त्यांच्यासाठी हा नाही. आणि ज्यांचे कपडे औषधनिर्मितीच्या स्वच्छ कक्षात जातात त्यांच्यासाठीही नाही, कारण सुताचा तंतू झडतो.

पुढच्या ऑर्डरसाठी आम्ही तीन बदल लिहून दिले आहेत: मानेत विणलेले सुती लेबल, पँटच्या चेनऐवजी शर्टासारखी सुटी बटणपट्टी, आणि परतीच्या पावतीवर माल घेणाऱ्या पुढच्या कारखान्याचे नाव. पहिल्या दोन्हींसाठी मिळून संचामागे अठरा रुपये जास्त लागतील असे उत्तर आले आहे आणि ते आम्ही मान्य केले आहे. तिसऱ्या मागणीवर अजून काहीच कळवलेले नाही, म्हणून खरेदीचा आदेश थांबवून ठेवला आहे.